सांडलेलं कुणाचं?

डिप्लोमा झाल्यावर मला लागलेली पहिली नोकरी कुणाला सांगितली की लोक हसायचे. रुळांवर सांडलेला कोळसा साफ करून घेणं, हे माझं काम. उचलणारे मजूर वेगळे, मी त्यांचा सुपरवायझर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सायडिंगवरच्या सफाईचा ठेका एका ठेकेदाराकडे होता, आणि २०१७ च्या पावसाळ्यापासून पुढचं वर्षभर मी त्याच्याकडे होतो.

सायडिंग म्हणजे मेन लाइनपासून फुटून खाणीकडे किंवा कारखान्याकडे जाणारा रेल्वेचा फाटा. माजरी, घुग्घुस, ताडाळी, बल्लारशा या पट्ट्यात असे फाटे जागोजागी आहेत. वरून उघड्या वॅगन येऊन लागतात आणि लोडर आपल्या मोठ्या बकेटने त्यांत कोळसा ओततो. एका रेकमध्ये ५८ च्या आसपास वॅगन, सगळा मिळून साधारण ३,५०० ते ४,००० टन माल. ओतताना थोडा कोळसा वॅगनच्या पलीकडून खाली जातो. थोडा दारांच्या फटीतून गळतो. इंजिनाने हिसका दिला की वरचा ढीग घसरतो. रेक निघून गेली की रुळांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना काळा पट्टा पडलेला असतो.

तो उचलावाच लागतो. रूळ जिथे बदलतात त्या पॉइंटमध्ये एक ढेकूळ जरी अडकलं तरी पॉइंट नीट बसत नाही आणि डबे घसरू शकतात. भुकटी आणखी वाईट. रुळांखालची गिट्टी नुसती आधाराला नसते. तिच्यातल्या फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. कोळशाची भुकटी या फटी बुजवते, पाणी साचतं, चिखल होतो आणि गाडीच्या वजनाखाली रूळ खचायला लागतो. म्हणून दोन रेकच्या मधल्या वेळात आमची आठ बाया आणि चार माणसांची टोळी फावडी-घमेली घेऊन उतरायची. उचललेला कोळसा बाजूच्या ढिगावर टाकायचा. एक कणही बाहेर जाता कामा नये, ही मला दिलेली पहिली सूचना होती.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी सुटी झाली, तेव्हा पन्नाशीच्या एक मावशी डोक्यावर घमेलं घेऊन निघाल्या. वर जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. खाली कोळसा होता, पंधरा किलो असेल.

"मावशी, ओता ते," मी म्हणालो.

"सिगडीपुरता आहे बाबू. पडलेलाच होता."

"पडलेला असला तरी कंपनीचा आहे."

त्यांनी वाद घातला नाही. ढिगापर्यंत परत गेल्या, घमेलं उलटं केलं, हात झटकले आणि जाता जाता म्हणाल्या, "मंग कंपनीले सांग ना बाबू, माह्या घरात बी तिचा लय माल पडून आहे. तो पन घेऊन जा म्हना."

सगळे हसले. मीही हसलो. पुढचे आठ दिवस मित्रांना हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. त्यांचं घर सायडिंगपासून दोनशे पावलांवर होतं. त्या कोणत्या मालाबद्दल बोलत होत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण ते उत्तर आहे, हे कळायला बराच वेळ लागला.

*

मी मूळचा वडसा देसाईगंजच्या पलीकडच्या एका गावचा. आमच्याकडे धान पिकतं. कापणी झाली, भारे बांधून पुंजणे लागले, की शेतात लोंब्या उरतात. त्यांना सरवा म्हणतात. सरवा वेचायला ज्यांची शेती नाही अशा बाया आणि पोरं जायची. माझी आजीही जायची आणि मला घेऊन जायची. शेताचा मालक धुऱ्यावर उभा असला तरी कुणी चोरासारखं वागत नसे. तो "वेचा, वेचा" असंही म्हणत नसे, कारण त्याची परवानगी मागितलेलीच नसे. पिकाचे भारे त्याचे, सरवा वेचणाऱ्यांचा.

पण नियम होते. शेवटचा भारा उचलला जाईपर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही. आणि भाऱ्याला हात लावायचा नाही. एकदा मी जाता जाता एका भाऱ्याला धक्का देऊन लोंब्या पाडल्या होत्या. आजीने तिथेच कान पिळला. "पडलं तो सरवा, पाडलं ते चोरी," ती म्हणाली. नीतिशास्त्राचं याहून नेमकं वाक्य मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मोहाचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात आणि बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल झाडावरून ओरबाडत नाहीत. ते पडायची वाट पाहतात. कुठल्या झाडाखाली कुठलं घर वेचणार हे गावाला माहीत असतं.

ही फक्त गरिबांची सोय होती असंही नाही. आपल्या परंपरेत उंछवृत्ती नावाची जगण्याची एक रीत आहे: शेतात, खळ्यावर सांडलेले दाणे वेचून पोट भरायचं. ती फार शुद्ध मानलेली आहे, कारण तिच्यात कुणाकडे मागावं लागत नाही आणि कुणाचं हिरावून घ्यावं लागत नाही. वैशेषिक दर्शनाचा कर्ता कणाद. कण वेचून खाणारा म्हणून कणाद, असा त्या नावाचा अर्थ परंपरेने लावलेला आहे. ऋषीने दाणे वेचले तर ते तप. मी मात्र एका बाईचं घमेलं रिकामं करून घेतलं होतं, तेही सरवा वेचून मोठा झालेला असताना.

*

मग मी चुकलो का? इतकं सोपं नाही. कायदा माझ्या बाजूने होता.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत, सापडलेली वस्तू खिशात घालणं गुन्हा केव्हा होतं हे समजावण्यासाठी एक छोटं उदाहरण दिलं होतं. रस्त्यात रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला. गुन्हा नाही. पण मालक माहीत आहे किंवा सहज शोधता येईल, तरीही वस्तू स्वतःसाठी वापरली, तर गुन्हा. २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व कायम आहे. सायडिंगवरच्या कोळशाचा मालक कोण हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि माल रेल्वेच्या ताब्यात असेल तर १९६६ चा वेगळा कायदा आहे. रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गांधीजी तर कायद्याहून कडक. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून ते आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत; पुढे त्याचं 'मंगलप्रभात' हे पुस्तक झालं. त्यात अस्तेयाबद्दल लिहिताना ते म्हणतात की वस्तू कुणाचीच नाही असं समजून घेणं ही सुद्धा चोरीच. वाटेत सापडलेली वस्तू राज्याची किंवा तिथल्या व्यवस्थेची. आश्रमाजवळ सापडली तर मंत्र्याकडे जमा करावी. म्हणजे दंड संहितेतला तो रुपयाही गांधीजींनी खिशात घालू दिला नसता. त्यांचं सेवाग्राम आमच्याच लाइनवर आहे. बल्लारशाहून निघालेल्या कोळशाच्या रेक भांदक, वरोरा, हिंगणघाट करत सेवाग्राम स्टेशनातून पुढे जातात.

पण त्याच पत्रात ते पुढे जाऊन म्हणतात की ज्याची खरी गरज नाही ते घेणंही चोरी, मग मालकाने परवानगी दिलेली असली तरी. हे वाचल्यावर मी थांबलो. या दुसऱ्या वाक्याने तपासलं तर मावशी सुटतात. सिगडीपुरताच होता. आणि बाकीचे आपण सगळे अडकतो.

दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. सायडिंगच्या टोकाला रेक हळू होते तिथे पोरं वॅगनवर चढायची आणि लाथेने कोळसा खाली ढकलायची. खाली दुसरे पोती घेऊन तयार. वरून २५,००० व्होल्टची तार जाते; तिला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी पुरे. पोत्यांतला हा कोळसा सिगडीत जात नव्हता, तो विकला जात होता. 'पडलेलं आमचं' म्हटलं की उद्या पाडायला सुरुवात होते, हा ठेकेदाराचा युक्तिवाद मला खोटा म्हणता येत नाही. जंगलातही वाळलेलं लाकूड घ्यायला परवानगी असली की कुणीतरी हिरव्या झाडाची साल गोल काढून ते वाळवतं. पडणं आणि पाडणं यांतली रेष पुसट आहे आणि ती राखायला कुणीतरी लागतं. धुऱ्यावर आजी होती. सायडिंगवर मी होतो.

*

१८४२ मध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतात याच रेषेवरून वाद झाला होता. जंगलात खाली पडलेलं वाळकं लाकूड गरीब लोक पूर्वापार गोळा करत. प्रांताच्या सभेत चर्चा अशी की आता हे चोरी धरायचं. कार्ल मार्क्स तेव्हा २४ वर्षांचा होता आणि एका वृत्तपत्रात लिहीत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिरवं झाड तोडणारा झाडापासून फांदी तोडतो, वाळकं लाकूड वेचणारा फक्त झाडानेच सोडून दिलेलं उचलतो. दोन्हींना एकच शब्द लावला तर चोरी या शब्दालाच अर्थ उरत नाही. आजीने हेच चार शब्दांत सांगितलं होतं.

पण त्या लेखमालेतला मला लागलेला मुद्दा वेगळाच आहे. शिक्षा देण्याची सार्वजनिक ताकद जंगलमालकाच्या खासगी हिशेबासाठी राबवली जातेय, अशी त्याची तक्रार होती. मी सुपरवायझर म्हणून उभा होतो तेव्हा माझा कुठलाही कोळसा जात नव्हता. मी दुसऱ्याच्या मालकीचा हात झालो होतो. मग मला त्या मालकीचा हिशेब बघावासा वाटला.

तो हिशेब असा. खाणीतून निघालेला सगळा कोळसा वीज केंद्रात पोहोचत नाही, हे सर्वांना मान्य आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनियमांत खाणीला लागून असलेल्या केंद्रासाठी ०.२ टक्के आणि इतर केंद्रांसाठी ०.८ टक्के घट वाहतुकीत आणि हाताळणीत होणार असं धरलेलं आहे. घट म्हणजे सगळं सांडणंच नव्हे. ओल सुकणं, वजनकाट्यांतला फरक, चोरी, सगळं त्यात आलं. तरी आकडा करून पाहा. ३,८०० टनांच्या एका रेकवर ०.८ टक्के म्हणजे सुमारे ३० टन. १५ किलोच्या घमेल्यांत मोजलं तर २,००० घमेली.

आणि ही घट इंधनाच्या खर्चात मोजली जाते. इंधनाचा खर्च विजेच्या दरात येतो. दर तुमच्या-माझ्या बिलात. म्हणजे वाटेत हरवणाऱ्या कोळशाचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. कागदावर गेलेला, पैसे वसूल झालेला हा कोळसा डोक्यावर घेऊन एक बाई निघाली की पुन्हा कुणाचातरी होतो. तोवर तो जमिनीवर पडलेला असताना कुणालाच आठवत नाही.

इथे मला आजीचं वाक्य उलटं फिरवावं लागलं. पडलं आणि पाडलं हा फरक आपण नेहमी वेचणाऱ्याला विचारतो. मालकाला कधी विचारत नाही. वरून उघडी वॅगन शीग लावून भरायची, वर ताडपत्री नाही, दारांच्या फटी तशाच, आणि इतकी घट होणारच असं आधी लिहून ठेवायचं. हे पडणं आहे की पाडणं?

*

अमेरिकेत हा प्रश्न विचारला गेला, पण तो विचारायला रेल्वे कंपनीचं नुकसान व्हावं लागलं. वायोमिंग राज्यातल्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळशाच्या गाड्यांची मोठी वर्दळ आहे. मे २००५ मध्ये तिथे लागोपाठ दोन गाड्या रुळांवरून घसरल्या. गिट्टीत साठलेली कोळशाची भुकटी आणि वरून पाऊस, असं कारण रेल्वेने पुढे केलं. प्रकरण वाहतूक नियामकापर्यंत गेलं. २०११ मध्ये नियामकाने मानलं की ही भुकटी गिट्टीला घातक आहे आणि ती सांडू नये म्हणून माल पाठवणाऱ्यांवर रेल्वे वाजवी अटी घालू शकते. पुढे डब्यातल्या ढिगाला विशिष्ट आकार देणं, वर चिकट द्रव फवारणं, असे उपाय आले. सांडलेला कोळसा उचलायचा कुणी यावरून सुरू झालेलं भांडण, सांडवणाराच जबाबदार इथपर्यंत पोहोचलं.

मात्र त्या भांडणात दोन्ही बाजूंना कंपन्या होत्या, दोघांकडे वकील होते. गिट्टीची बाजू मांडायला रेल्वे होती. फुप्फुसांची बाजू मांडायला सायडिंगजवळ कोण आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले. जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. आपला नंबर देशात चौथा होता. सगळा दोष सांडलेल्या कोळशाचा नाही. खाणी आहेत, वीज केंद्र आहे, ट्रक आहेत, घरोघरच्या सिगड्याही आहेत. पण मावशींच्या माठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, नातवाच्या पुस्तकावर रोज बसणारा काळा थर मात्र त्याच फाट्यावरून येत होता. तो थर पुसायचं काम त्या बिनपगारी करत होत्या. दिवसा कंपनीचा कोळसा रोजीवर साफ करायचा, संध्याकाळी कंपनीचाच कोळसा फुकट.

ढेकूळ असेल तर मालकाचं, भुकटी झाली की वाऱ्याची. मालकीची ही व्याख्या मी वर्षभर राबवली. मालक म्हणून जे मिळतं ते सगळं माझं, आणि मालाने जे केलं ते कुणाचंच नाही, असं चालणार नाही, इतकंच त्या बाईंनी मला सांगितलं होतं. तो पन घेऊन जा म्हना.

*

मग सांडलेला कोळसा वेचणाऱ्यांना देऊन टाकायचा का? माझं मन लगेच हो म्हणतं आणि मग अडखळतं. कोळसा म्हणजे धान नव्हे. बंद खोलीत सिगडी पेटवली तर ती जीव घेते. घरात धूर भरून घेण्याचा हक्क म्हणजे फार कडू हक्क झाला. शिवाय रुळांवर वेचायला मोकळीक दिली तर माणसं गाडीखाली येतील.

पण 'देऊ नये' आणि 'चोर म्हणावं' यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि आमच्या भागाला ती जागा माहीत आहे. निस्तार हा शब्द इथल्या जुन्या माणसांना विचारा. गावाला जळण, बांबू, चराई यासाठी जंगलातून काय आणि कसं घेता येईल याची नोंद निस्तारपत्रकात असायची. मालकी सरकारची, तरी गरजेपुरता हक्क गावाचा, तोही नियमाने. याच धाग्याने पुढे जात गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने, २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. पण हक्कासोबत जंगल राखायचं कामही गावानेच घेतलं. ज्याचा हक्क त्याची राखण, हा हिशेब तिथे पुरा होतो.

तोच हिशेब सायडिंगला लावून पाहा. कंपनीला पडलेल्या कोळशावर हक्क सांगायचा आहे? जरूर सांगावा. मग भुकटीही तिची. वॅगन झाकायचा खर्च तिचा, शेजारच्या घरांवरचा थर तिचा, नाल्यात वाहून गेलेलं काळं पाणी तिचं. आणि हे नको असेल तर निदान घमेलं अडवताना आवाज जरा खाली ठेवावा.

त्या ढिगाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही उचललेल्या कोळशात गिट्टी आणि माती मिसळलेली असायची, त्यामुळे तो परत भरायला कुणी तयार नसे. ढीग वाढत गेला. कोळसा उघड्यावर पडून राहिला की हवेने आतून तापत जातो. पुढच्या मे महिन्यात ढिगातून धूर यायला लागला. पाणी मारलं, माती टाकली, तरी धूर काही दिवस येतच राहिला. मावशींचं घमेलं त्यातच कुठेतरी होतं. जो कोळसा त्यांच्या सिगडीत एक आठवडा पुरला असता, तो कुणाचीही भाकर न भाजता जळत होता आणि धूर त्यांच्याच घराकडे जात होता.

मी ती नोकरी सोडली ती काही तत्त्वासाठी नाही. ठेक्याची मुदत संपली. आता नागपुरात दुसरं काम करतो. गावी जाताना कधी चंद्रपूरमार्गे गेलो तर खिडकीतून रुळांमध्ये वाकलेल्या बाया दिसतात, घमेली भरताना. मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या तर माफी मागावी असं वाटतं, पण त्यांना माझी माफी नको असेल. त्यांनी निरोप दिला होता, तो पोहोचवायचा राहिला आहे. कंपनीपर्यंत माझी पोच नाही. म्हणून इथे लिहून ठेवला.